दुसऱ्या गालाची साक्ष

“शांतवन, यंदा उत्तम शुक्रवारी तू पुढच्या बाकावर बस,” बोर्डेसाहेब म्हणाले. “मागं बसतोस, तर लोकांना माना वळवून बघावं लागतं. म्हाताऱ्या माणसांच्या माना धरतात.”

झावळ्यांच्या रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. साहेब हातातल्या झावळीनं वारा घेत आमच्या ओट्यावर बसले होते आणि मी आत त्यांच्यासाठी सरबत ढवळत होते. आबांनी उत्तर दिलं नाही. ते एसटीत ड्रायव्हर होते. तोंड मिटून समोर बघत राहायची सवय त्यांना नोकरीनंच लावली होती. साहेबांनी सरबत घेतलं, साखर कमी पडल्याबद्दल मला मोठ्या मनानं क्षमा केली आणि झावळी आमच्याच ओट्यावर टाकून निघून गेले. ती मी नंतर केरात घातली.

बोर्डेसाहेब म्हणजे शिक्षण खात्यातले निवृत्त विस्तार अधिकारी आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीचे सचिव. पण नगरकडच्या चार गावांत त्यांचं नाव झालं होतं ते काही खात्यामुळं नाही आणि कमिटीमुळंही नाही. माझ्या आबांनी त्यांना एकदा थोबाडीत मारली होती, म्हणून झालं होतं.

मी तेव्हा शाळेत होते. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. पंचांची सभा चालू होती, देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गळक्या पत्र्यांचा विषय निघाला होता आणि मधेच आबा उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि साहेबांच्या डाव्या गालावर एक ठेवून दिली. साहेबांनी लगेच उजवा गाल पुढं केला. तिथं हजर असलेली माणसं पुढं खासगीत सांगायची की साहेब दाराकडे पळायला वळले होते आणि वळताना गाल आपोआप पुढं आला. पण आला हे खरं. आबांनी त्याला हात लावला नाही. का मारलं असं पंचांनी विचारलं, तर त्याचंही उत्तर दिलं नाही, टोपी घातली आणि घरी आले. साहेबांनी मात्र तिथल्या तिथं उभं राहून जाहीर केलं की मी ह्या भावाला क्षमा केली आहे, विषय संपला.

विषय कुठला संपतोय. त्या दिवसापासून आमच्या घरामागं क्षमेचा जो ससेमिरा लागला तो काही सुटेना.

उत्तम शुक्रवारी आमच्यात बारा ते तीन उपासना असते. प्रभूनं वधस्तंभावरून जे सात उद्गार काढले, त्यांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा. तो त्या वर्षी साहेबांनी मागून घेतला आणि मग काही केल्या सोडला नाही. पाळक बदलले, बिशप बदलले, पेटीचा भाता बदलला, पण पहिला उद्गार साहेबांचाच. त्यात ते आपली साक्ष सांगायचे. पहिल्या वर्षी ती सरळ होती, एक थोबाडीत आणि एक गाल. दुसऱ्या वर्षी थोबाडीत दोन झाल्या. मग तोंडातून रक्त आलं. मग आबा दारू पिऊन आले होते असं निघालं. आमच्या आबांना खोकल्याचं औषध घेतलं तरी गरगरायचं. एका वर्षी तर साक्षीत एसटीचा लोखंडी पानासुद्धा आला, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या आबांनी स्वतःच चकित होऊन मान वर केली.

शेवटी साहेब हात लांब करून म्हणायचे, “आणि तो भाऊ आज इथं, आपल्यात बसलेला आहे.” सगळं देऊळ वळून आबांकडे बघायचं. रविवारच्या शब्बाथ शाळेची पोरं तर बाकावर चढायची.

साक्षीचा बोलबाला झाला. दुसऱ्या गावच्या मंडळ्यांतून साहेबांना बोलावणी येऊ लागली. शाली मिळाल्या, नारळ मिळाले, एका ठिकाणी चांदीचा मुलामा दिलेला क्रूस मिळाला. पहिल्या उद्गाराला एवढा वेळ लागायचा की उरलेले सहा वक्ते घाईला यायचे. “मला तहान लागली” ह्या पाचव्या उद्गारावर बोलणाऱ्याला खरोखरच पाणी लागायचं, आणि सहाव्या उद्गाराला एकदा कांबळेगुरुजी उठले, “पूर्ण झालं,” हे उद्गाराचे शब्द तेवढे म्हणाले आणि बसले. त्या दिवशी सर्वांत जास्त आशीर्वाद त्यांच्याच बोलण्यातून मिळाला, असं बायका म्हणत होत्या.

आबा सगळं ऐकून घ्यायचे. उपासना एकही चुकवायचे नाहीत. शेवटचा बाक त्यांचा ठरलेला, जिथं पंख्याचा वारा पोचत नाही तो. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असलं आणि माणसं कठड्यापाशी गुडघे टेकायला निघाली की आबा जागचे हलायचे नाहीत. ती थोबाडीत मारल्यापासून त्यांनी भाकरीला आणि प्याल्याला हात लावला नव्हता. लोकांना वाटायचं, बिचारा लाजेनं जात नाही. साहेब ते साक्षीतही घालायचे.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा जालन्याचा. उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून पुनरुत्थानाच्या सणानंतरचा गुरुवार धरला होता. आणि आमच्या मंडळीची रीत अशी की लग्नाआधीच्या प्रभुभोजनाला मुलगी आईबापांच्या मधे गुडघे टेकते, तिघं एका प्याल्यातून घेतात, आणि मग ती त्या घरातून जायला मोकळी होते. आई नव्हती. एक बाजू रिकामी राहणार हे मी पोटात घातलं होतं. दुसरीही रिकामी राहिली असती, तर मला ते सोसलं नसतं.

सरबताचा पेला विसळून मी बाहेर आले आणि आबांना सरळच म्हटलं, “आबा, सणाला माझ्याशेजारी याल का?”

“प्रभुभोजनाला?”

“हो.”

ते खूप वेळ पायातली चप्पल अंगठ्यानं मागंपुढं करत राहिले. मग म्हणाले, “सुवार्ता, घ्यायच्या आधी सगळे मिळून काय म्हणतात? आम्हाला मनापासून पश्चात्ताप होतो. मला होत नाही. त्या हाताचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. देवापुढं खोटं बोलू?”

मी म्हटलं, साहेबांनी केलं तरी काय होतं असं? ते म्हणाले, “ते तुझ्या आईचं आहे. तुला नको.” आणि उठून आत गेले. मला रडू आलं, रागही आला. पापी माणसं ढीगभर पश्चात्ताप करून दर महिन्याला घेऊन येतात, आणि आमचे आबा एवढे प्रामाणिक की उपाशी.

मंगळवारी पाळकसाहेब देवळात वाचायच्या लग्नाच्या सूचनेचं बोलायला आले. शिनगारे त्यांचं आडनाव, वर्षभरापूर्वीच आलेले, वयानं माझ्याहून थोडेच मोठे. देवाला भीत होतेच, पण बोर्डेसाहेबांना जरा जास्त, कारण पाळकाच्या बंगल्याची कौलं फुटली होती आणि कौलं मंजूर करणं साहेबांच्या हातात होतं. आबांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, पश्चात्ताप होतच नसेल, तर माणसानं काय करायचं?

पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. पश्चात्ताप हा कृपेनं होतो म्हणाले. प्रार्थनेत राहावं म्हणाले. मग आबा त्यांच्याकडे नुसतेच बघत राहिले तेव्हा घाबरून त्यांच्या तोंडून गेलं, “पण तुम्ही त्यांना क्षमा केलीय का?”

“मी? मारलं मी. क्षमा त्यांनी केली. दरवर्षी करतात.”

“नाही, म्हणजे तुम्ही उगीच तर मारलं नसेल ना,” पाळकसाहेब म्हणाले, आणि आपण हे काय बोलून बसलो असं वाटून त्यांनी चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली असणार. उठता उठता, हे मी म्हटलं असं कुठं बोलू नका, असंही सांगून गेले.

आबांच्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करत होते, तेव्हा एकदम म्हणाले, “तो पुढं उभा राहून मिरवतो. मी मागं बसून मिरवतो. फरक काय गं दोघांत?” मी बाहीची घडी बसवत राहिले.

शुक्रवारी देऊळ गच्च भरलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. जालन्याची मंडळी आली होती. माझ्या होणाऱ्या सासूबाई तिसऱ्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. उपासनेचा आवाज बाहेरच्यांनाही जावा म्हणून साहेबांनी छपरावर कर्णा लावून घेतला होता, आणि शुक्रवार आमचा बाजाराचा दिवस. मी पेटीवर होते, व्यासपीठाला अगदी लागून. आबा आले, शेवटच्या बाकापाशी क्षणभर थांबले आणि चालत येऊन पुढच्या बाकावर बसले. साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी पंखा आबांकडे वळवायला सांगितलं.

साक्ष सुरू झाली. पाहुण्यांसमोर साहेबांना जरा जास्तच रंग चढला. पाना आलाच, शिवाय ह्या वेळी आबांनी साहेबांना जिन्यावरून खाली ढकललं. आमच्या देवळाला जिना नाही. माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी साहेब म्हणाले, “शांतवन, वर ये भावा. आज मी तुला सगळ्यांसमोर पुन्हा एकदा क्षमा करतो.” आणि त्यांनी दोन्ही हात पसरले, एका हातात माईक.

आबा वर गेले. साहेबांनी त्यांना मिठी मारली. सोडल्यावर आबा म्हणाले, “साहेब, मीही तुम्हाला क्षमा केली.”

हे कर्ण्यातून बाहेर गेलं. देवळात कुजबुज झाली. साहेब हसले, पण ते हसू ओठांवरच अडकलं. “मला?” ते म्हणाले. “मला कशाबद्दल?”

आबांनी हात पुढं केला. मला वाटलं, आता दुसरा गाल. सगळ्यांनाच वाटलं असणार, कारण पुढच्या बाकावरचे दोन पंच अर्धे उठलेसुद्धा. पण आबांनी आपला जाडा तळवा माईकवर ठेवून तो पुरता झाकला आणि हळू आवाजात बोलले. मी पेटीवर होते म्हणून मला ऐकू आलं. देवळाला नाही, बाजाराला नाही.

“मार्थाच्या उशाशी तुम्ही प्रार्थना केली होती. प्रभू, हिच्या ज्या गुप्त पापामुळं हे दुखणं आलं आहे त्याची हिला क्षमा कर, असं म्हणालात. ती शुद्धीवर होती, साहेब.”

माझे हात पेटीवरच राहिले. आईचे शेवटचे दिवस माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. ती सारखी विचारायची, सुवार्ता, मी काय केलं असेल गं? मला तो तापातला भ्रम वाटायचा. शेजारच्या लीलामावशीला तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि कधीकाळी तिच्या कोंबडीनं आमच्या अंगणात घातलेलं अंडं परत दिलं नाही म्हणून हात जोडून माफी मागितली होती. मावशी रडत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी आईनं शाळेतली कुठलीशी पाटी फोडल्याचं आठवून काढलं. मरेपर्यंत ती आपलं पाप शोधत होती, आणि सापडलं नाही म्हणून घाबरून गेली.

साहेब आबांकडे बघत होते. ते खोटं बोलत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते म्हणाले, “कुठली प्रार्थना? मी आजाऱ्यापाशी नेहमी तशीच करतो.”

“म्हणून तर क्षमा करायला इतकी वर्षं लागली,” आबा म्हणाले आणि त्यांनी माईकवरचा हात काढला.

इथंच थांबलं असतं, तर साहेबांची लाज राहिली असती. कोणाला काही कळलं नव्हतं. पण समोर गच्च देऊळ, बाहेर बाजार, आणि सगळीकडे एवढंच ऐकू गेलेलं की एसटीच्या ड्रायव्हरनं बोर्डेसाहेबांना क्षमा केली. इतकी वर्षं क्षमा वाटत हिंडलेल्या माणसाला स्वतःला घ्यायची वेळ आली आणि ते त्याला झेपेना. “मला क्षमा करणारा तू कोण रे?” साहेब ओरडले, आणि त्यांचा हात सुटला.

माईक दुसऱ्या हातात चालूच होता. थोबाडीत बसल्याचा आवाज कर्ण्यातून असा निघाला की बाजारात एका भाजीवाल्याच्या हातातला तराजू पडला, असं पुढं लोक सांगायचे. त्यात तिखटमीठ किती, ते देव जाणे.

सगळ्यांचे डोळे आबांच्या दुसऱ्या गालाकडे. आबांनी कुठलाच गाल पुढं केला नाही. हात उगारताना साहेबांचा चष्मा खाली पडला होता, तो आबांनी वाकून उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला, साहेबांच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग मधल्या वाटेनं चालत देवळाबाहेर गेले.

पाळकसाहेबांनी दुसऱ्या वक्त्याला खूण केली. त्या वर्षी सातही उद्गारांना पुरेसा वेळ मिळाला आणि उपासना बरोबर तीनला सुटली. सासूबाई बाहेर मला म्हणाल्या, “तुमच्या मंडळीत फार जागृती आहे हो.” त्या चिडवत होत्या की काय, ते मला अजून कळलेलं नाही. लग्न मात्र मोडलं नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे आम्ही कबरस्तानात गेलो. आईच्या कबरीवर मी शेवंतीची फुलं ठेवली, आबांनी मेणबत्ती लावली, ती वाऱ्यानं विझली, त्यांनी पुन्हा लावली. तिथून देवळात. आबा माझ्याबरोबर दुसऱ्या बाकावर बसले. मी मागं वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर, आबांच्या जागेवर, बोर्डेसाहेब एकटे बसले होते. शाल नव्हती. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं.

पश्चात्तापाचे शब्द सगळे मिळून म्हणाले. आबांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. मग बाक उठू लागले. आमची पाळी आली. आबा माझ्याबरोबर निघाले, कठडा चार पावलांवर राहिला, आणि ते थांबले. वळले. मला तिथंच उभं करून मागं निघाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं; म्हटलं, झालं, ह्या माणसाचा प्रामाणिकपणा माझ्या मुळावर उठला आहे. मी त्यांच्या मागोमाग गेले.

ते शेवटच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. “उठा साहेब,” ते म्हणाले. “इथं पंखा लागत नाही. मला माहीत आहे.”

साहेब वर बघेनात. “मी येत नाही, शांतवन. माझ्या मनात तुझा राग आहे अजून.”

“माझ्याही आहे थोडा. चला.”

“मला ती प्रार्थना आठवत नाही रे. परवापासून आठवतोय. एवढं घर मोडलं तुझं, आणि मला शब्दसुद्धा आठवत नाहीत.”

“मला पाठ आहेत,” आबा म्हणाले. “उठा. पोरगी खोळंबली आहे.”

साहेबांचे गुडघे दुखरे. आबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि तसंच धरून कठड्यापर्यंत आणलं. सगळी मंडळी बघत होती, पण ह्या वेळी कोणी बाकावर चढलं नाही. मी गुडघे टेकले. माझ्या उजव्या हाताला आबा टेकले. आईची डावी बाजू मी मोकळी सोडली होती, आणि कठड्यापाशी दुसरी जागाच उरली नव्हती. आबांनी साहेबांना तिथं, माझ्या डाव्या हाताला बसवलं. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण मी सरकून जागा दिली.

पाळकसाहेब भाकरी देत आले, मग प्याला. आबांनी घेतला, इतक्या वर्षांनी, डोळे मिटून. मग मी घेतला. मग साहेबांच्या हातात गेला. त्यांचे हात एवढे कापत होते की मनुकांचा रस हिंदकळला आणि माझ्या पदरावर सांडला, त्यासाठी खास घेतलेल्या पांढऱ्या साडीवर.

“माफ कर, पोरी,” साहेब म्हणाले. अगदी हळू, कर्णा नाही, माईक नाही.

ते साडीबद्दल म्हणत होते की आणखी कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. आई असती तर तिनं काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक होतं. तिनं उलट आपल्यालाच धक्का लागला म्हणून माफी मागितली असती.

“सांडलं तर सांडलं,” मी म्हटलं. “प्या आता.”